एका चेंज रिपोर्टची गोष्ट

आम्हा आयटीवाल्यांच्या आयुष्यात 'चेंज रिक्वेस्ट' नावाचा एक फॉर्म असतो. क्लायंटला एखादं बटण डावीकडून उजवीकडे न्यायचं असलं तरी तो भरावा लागतो. त्यातले दोन रकाने रिकामे ठेवले तर मॅनेजर फॉर्म परत पाठवतो. पहिला, ह्या बदलाचा परिणाम कुणावर होणार? दुसरा, त्यांना विचारलंय का? आम्ही त्यात वेळ मारून नेणारं काहीतरी लिहितो ही गोष्ट वेगळी, पण रकाने असतात.

गेल्या महिन्यात जोडून सुट्टी आली म्हणून लातूरला घरी गेलो होतो. तिथून चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं एक दिवस नांदेडला मामाकडे. तिथे 'चेंज रिपोर्ट' नावाच्या दुसऱ्याच कागदाशी गाठ पडली. तो ऑनलाईन भरायला मला बोलावलं होतं, कारण "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना!" (प्रिंटर दुरुस्त करणे, लग्नपत्रिका डिझाईन करणे आणि सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरणे ही तीन कामं कॉम्प्युटर इंजिनिअरचीच, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे.)

काम होतं अंध मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या एका संस्थेचं. नांदेड आणि लातूरच्या मधल्या पट्ट्यात ती आहे, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही, कारण ही एकट्या तिची गोष्ट नाही. ज्यांनी संस्था उभी केली ते आता थकले. त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि सभेनं त्यांच्या मुलाला अध्यक्ष केलं. कार्यकारिणीही नवी. एकूण सात नावं.

महाराष्ट्रात संस्था म्हटलं की बहुतेक वेळा दोन कायदे येतात. एक १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. ह्या दुसऱ्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले, कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. सभेची नोटीस, ठरावाची प्रत, नव्या लोकांची संमतीपत्रं असं सगळं जोडून. वकिलापासून शिपायापर्यंत सगळे त्याला 'चेंज रिपोर्ट'च म्हणतात. कुणी हरकत घेतली की तो वर्षानुवर्षं पडून राहतो. नांदेडला धर्मादाय कार्यालय आहे आणि त्याच्या वरचं सहधर्मादाय आयुक्तांचं कार्यालय लातूरला, त्यामुळे संस्थांची भांडणं नांदेड-लातूर एसटीनं बराच प्रवास करतात.

मी नावं टाईप करत होतो आणि शेजारी तबल्याचे सर बसले होते. लहानपणी मी त्यांच्याकडे दोन वर्षं तबला शिकलो. मग दहावी आली, आणि 'लातूर पॅटर्न'मध्ये तबल्याला मार्क नसतात. सर जन्मांध. ह्याच संस्थेत शिकले, इथेच नोकरी केली, इथूनच रिटायर झाले.

"काय करलालास रे?"

"सर, नव्या विश्वस्तांची नावं टाकतोय."

"वाच बरं."

मी सात नावं वाचली. एक डॉक्टर, एक वकील, दोन व्यापारी, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि घरातले दोघं.

"ह्यात आमच्यातले किती?"

मी पुन्हा एकदा यादी पाहिली. "एकही नाही, सर."

"हं." त्यांनी बोटांनी टेबलावर एक छोटा तुकडा वाजवला. मग म्हणाले, "पोरगा चांगला आहे बरं का. बापासारखाच. प्रश्न त्याचा नाही. आम्हाला इथं पहिल्यांदा काय शिकवलं माहितीय? वेतानं खुर्च्या विणायला. खुर्ची विणायची आम्ही, बसायचं तुम्ही. एवढंच चालत आलंय."

मी कसनुसा हसलो. पण सरांचं दुखणं खुर्चीपाशी थांबत नव्हतं. त्याच सभेच्या अजेंड्यावर चौथा विषय होता: मुलांना टॅबलेट देणगीत मिळणार आहेत, तेव्हा ब्रेलच्या तासिका निम्म्या कराव्यात. ठराव एकमतानं मंजूर! सरांना कळलं ते चार दिवसांनी. सभेची नोटीस म्हणे सगळ्यांच्या माहितीसाठी व्हॉट्सअपवर टाकली होती. टाकली होती खरी, पण स्कॅन करून. सरांचा फोन बोलतो, आलेला मेसेज वाचून दाखवतो. स्कॅन केलेला कागद त्याच्या लेखी फक्त एक चित्र. त्यानं इमानेइतबारे सांगितलं, "फोटो."

पुण्याला परत येताना रात्रभर हा 'फोटो' डोक्यातून जाईना. मग सवयीप्रमाणे वाचत बसलो. अंधांच्या संस्था कुणी काढल्या, कुणी चालवल्या, खुर्चीवरचा माणूस बदलला की काय झालं? आणि असं सापडलं की सरांच्या शाळेत घडलं ते पॅरिसमध्ये १८४० सालीच घडून गेलंय.

पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन हाय नावाच्या गृहस्थानं १७८५ मध्ये अंधांची शाळा काढली. जगातली अशी पहिली शाळा म्हणून ती ओळखली जाते. हाय डोळस होता, त्यामुळे पुस्तकं कशी असावीत ह्याबद्दल त्याची कल्पना डोळस माणसाची: नेहमीचीच रोमन अक्षरं, फक्त कागदावर फुगवून उठवलेली. दिसायला सुरेख. बोटाला मात्र एकेक अक्षर चाचपायला युग लागायचं, आणि स्वतः लिहिणं तर जवळपास अशक्य. लुई ब्रेल ह्याच शाळेत शिकायला आला. चार्ल्स बार्बिये नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्यानं बारा ठिपक्यांची एक लिपी केली होती. ब्रेलनं ती कापून सहा ठिपक्यांवर आणली आणि १८२९ मध्ये पुस्तकरूपात मांडली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. (मी विसाव्या वर्षी सेकंड इयरचं एम-थ्री काढत होतो. असो.)

तेव्हाचे संचालक पिन्ये ह्या लिपीच्या बाजूनं होते. १८४० मध्ये त्यांना काढलं गेलं आणि त्यांच्या हाताखालचे द्युफो संचालक झाले. नवं नेतृत्व! द्युफो वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. त्याला मनापासून वाटायचं की अंधांनी डोळसांपेक्षा वेगळी लिपी वापरली तर ते समाजापासून तुटतील. म्हणून त्यानं ठिपके बंद केले आणि ब्रिटनकडची फुगवलेल्या अक्षरांची पद्धत आणली. जुनी पुस्तकं जाळली, पोरांच्या पाट्या आणि टोचे जप्त केले असं सांगतात. पोरं ऐकेनात. मिळेल त्या अणकुचीदार वस्तूनं चोरून ठिपके टोचत राहिली. शेवटी जोझेफ ग्वादे ह्या डोळस सहायकानं द्युफोला समजावलं, आणि १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात ब्रेलचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. शाळेनं ही लिपी अधिकृत केली १८५४ मध्ये. ब्रेल त्याआधी दोन वर्षं, १८५२ मध्येच गेला.

ह्या गोष्टीत कुणी दुष्ट नाही. शाळा काढणारा भला माणूस, ठिपके बंद करणाराही आपल्या परीनं भलाच, आणि ते परत आणणाराही डोळसच. फक्त ज्यांच्या बोटांनी वाचायचं होतं त्यांचं मत मोजायची कुठे सोय नव्हती. त्यामुळे साहेब बदलला की लिपी बदलायची.

ही सोय केली लंडनच्या एका डॉक्टरनं. थॉमस आर्मिटेज त्यांचं नाव. नजर कमी होत गेली म्हणून प्रॅक्टिस सोडावी लागली. तेव्हा इंग्लंडमध्ये उठावाच्या अक्षरांच्या अर्धा डझन पद्धती होत्या, प्रत्येकीमागे एक संस्था आणि तिचा छापखाना. आपल्याकडच्या फॉन्टच्या भांडणांसारखंच (श्री-लिपी, कृतिदेव, आणि मग बिचारा युनिकोड). १८६८ मध्ये आर्मिटेजनी आणखी काही अंध मंडळींना घेऊन नवी संस्था काढली. कार्यकारी मंडळावर कोण बसेल ह्याच्या अटी घातल्या. सभासद अंध हवा, किंवा इतकी कमी नजर असलेला की त्याला स्पर्शावरच वाचावं लागतं. त्याला निदान तीन पद्धती येत असाव्यात. आणि कुठल्याही पद्धतीत त्याचा आर्थिक हितसंबंध नसावा. ह्या मंडळानं दोन वर्षं पद्धती तपासल्या आणि ब्रेलच्या बाजूनं कौल दिला. हीच संस्था पुढे ब्रिटनची 'आरएनआयबी' झाली, जी आजही चालू आहे.

मला ह्या अटी फार आवडल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर युजर हवा, त्याला विषय कळायला हवा आणि त्याचं त्यात कमिशन नको. आपल्याकडच्या किती संस्थांची कार्यकारिणी ह्या तीन चाळण्यांतून खाली पडेल, तुम्हीच विचार करा. तिसऱ्या चाळणीबद्दल तर मराठवाड्यात न बोललेलं बरं. आमच्याकडे 'संस्थाचालक' हा व्यवसाय आहे, आणि अनुदान, इमारत आणि नोकरभरती हे त्याचं भांडवल.

आता आपल्याकडे येऊ. भारतातली अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनी काढली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड ह्यांनी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंध मुलींची शाळा झाली, आजची कमला मेहता शाळा. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आली, आणि तिथे एक वेगळी गोष्ट दिसते. शाळेची सूत्रं होती डॉ. नीलकंठराय छत्रपतींकडे. पेशानं डॉक्टर, पुढे स्वतःची दृष्टी गेलेली, आणि भारतीय भाषांसाठी ब्रेल बसवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक. म्हणजे अंध माणसाला शाळा चालवता येईल का ह्या प्रश्नाचं उत्तर मुंबईनं सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

मग दुसरं महायुद्ध आलं. क्लुथा मॅकेन्झी नावाचे न्यूझीलंडचे गृहस्थ पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला अंध झाले होते. ते भारतात आले आणि युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये त्यांनी डेहराडूनला केंद्र उघडलं. त्या काळी आपल्याकडे ब्रेलच्या अनेक पद्धती होत्या, एका प्रांतातलं पुस्तक दुसऱ्या प्रांतात चालेना. १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी एक 'भारती ब्रेल' ठरली. इंग्रजी 'के' आणि मराठी 'क' दोन्हीला तेच ठिपके, पहिला आणि तिसरा. त्या एकीकरणामागेही मॅकेन्झींचा मोठा हात होता. स्वतः बोटानं वाचणाऱ्या माणसाचा.

१९५२ च्या जानेवारीत मुंबईत 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' म्हणजे 'नॅब' स्थापन झाली. टॉकिंग बुक्स, नोकऱ्या, गुजरातेत फणसा इथलं शेतीचं प्रशिक्षण केंद्र, असं पुष्कळ काम तिनं उभं केलं. तिच्या नेतृत्वात क्रिकेटपटू विजय मर्चंटांसारखे डोळस होते, आणि राजेंद्र व्यासांसारखे स्वतः अंध असलेले संस्थापकही होते.

आता गंमत बघा. १९५२ मध्ये आमचं नांदेड मुंबई राज्यात नव्हतंच. ते हैदराबाद राज्यात होतं, निजामाची राजवट जाऊन चार वर्षं होत होती. लातूर म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मराठवाडा १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात, आणि लातूरला स्वतःचा जिल्हा मिळायला १९८२ उजाडलं. म्हणजे मुंबईत विश्वस्त, घटना, सभा, सचिव ही सगळी घडी बसली तेव्हा आम्ही दुसऱ्याच राज्यात होतो. आमच्याकडे ही घडी तयार होऊन आली. वर कार्यकारिणी, मध्ये शिक्षक आणि खाली 'लाभार्थी'. लाभार्थी ह्या शब्दातच सगळं आलं. लाभ घ्यायचा आणि गप्प बसायचं.

इंग्रजीत ह्यावर एक छोटा पण महत्त्वाचा फरक आहे, 'फॉर द ब्लाइंड' आणि 'ऑफ द ब्लाइंड'. मराठीत म्हणाल तर अंधांसाठी आणि अंधांची. अमेरिकेत १९४० मध्ये जेकोबस टेनब्रोक ह्या अंध कायदेपंडितानं 'ऑफ'वाली संघटना काढली. भारतात १९७० मध्ये काही अंध पदवीधर एकत्र आले आणि त्यातून 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' झाली. १६ मार्च १९८० ला दिल्लीत पंतप्रधानांना निवेदन द्यायला निघालेल्या अंध मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठीमार केला, आणि देशभर संताप झाला. तोपर्यंत अंध माणूस म्हणजे मदत मागणारा असं चित्र होतं. हक्क मागणारा अंध माणूस पुष्कळांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला असेल.

पुढे ह्याच फेडरेशननं कोर्टाची पायरी धरली. अंधांना यूपीएससीची परीक्षा ब्रेलमधून किंवा लेखनिक घेऊन देता येईल हा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९३ चा. १९९५ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत अपंगांना तीन टक्के आरक्षण दिलं, त्यात एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना. पण ते टक्के मोजायचे कशावर ह्यात सरकारी खाती वर्षानुवर्षं पळवाटा काढत राहिली. ८ ऑक्टोबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं त्या बंद केल्या, तोही खटला फेडरेशनचाच. बाजू मांडणारे संतोषकुमार रुंगटा स्वतः अंध वकील. २०१६ च्या नव्या कायद्यानं हे प्रमाण चार टक्के केलं. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत जी अंध पोरं आज स्पर्धा परीक्षेला बसतात, त्यांच्यासाठी तो दरवाजा उघडणारे हात त्यांच्यासारख्यांचेच होते.

मग सरळ नियम करून टाकायचा का, की अध्यक्ष अंधच हवा? इतकं सोपं नाही. अहमदाबादचं उदाहरण बघा. जगदीश पटेल लहानपणी अंध झाले. त्यांनी पन्नासच्या दशकात ब्लाइंड मेन्स असोसिएशन उभी केली, आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संस्थेचा कारभार पुढे भूषण पुनानींनी वाढवला. ते डोळस, आणि आयआयएम अहमदाबादचे. पुण्यात मोहम्मदवाडीचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय तुम्ही ऐकलं असेल. ते चालवणारी पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन १९५२ पासूनची, आणि तिच्या वाढीत निरंजन पंड्या ह्या अंध गृहस्थांचा मोठा वाटा. एकीकडे डोळस माणसानं अंधांची संस्था सांभाळली, दुसरीकडे अंध माणसानं डोळसांचे डोळे तपासणारं रुग्णालय. अध्यक्षाला दिसतं की नाही ह्यावर सगळं ठरत नाही. ठराव मांडला जातो तेव्हा हात वर करून 'माझा विरोध आहे' म्हणणारा, ज्याला त्या ठरावाचे चटके बसणार आहेत असा कुणी खोलीत आहे का, आणि त्याचं मत मोजलं जातं का, ह्यावर ठरतं.

नव्या अध्यक्षांना मी तिथे असतानाच विचारलं होतं, दादा, सर का नाहीत यादीत? ते खरंच चांगले आहेत. म्हणाले, "अरे, मलाही वाटलं होतं. पण बँकेत सह्या, चेक, कागदपत्रं. त्यांना ह्या वयात कशाला त्रास?" हे उत्तर मी आधीही कुठे कुठे ऐकलंय. म्हणून तेही शोधलं. रिझर्व्ह बँकेनं जून २००८ मध्येच सगळ्या बँकांना परिपत्रक काढून सांगितलंय की अंध ग्राहकाला चेकबुकासकट सगळ्या सोयी विनाभेदभाव द्यायच्या, कारण अंध माणूस करार करायला कायद्यानं सक्षम आहे. २०१६ चा कायदाही म्हणतो की अपंग व्यक्तीला आपले आर्थिक व्यवहार सांभाळायचा इतरांइतकाच हक्क आहे. तेव्हा 'सहीचा त्रास' हे कारण कागदावर तरी उरलेलं नाही. ते आपल्या डोक्यात उरलंय.

आणि ब्रेलचं काय? मी सॉफ्टवेअरवाला, माझा पहिला विचार हाच होता की टॅबलेट आला, बोलायला लागला, तर ठिपके कशाला? सरांनी एकाच वाक्यात माझी विकेट काढली. "ऐकून तुला ऱ्हस्व-दीर्घ कळतं का रे?" नाही कळत. कानानं 'कवी' आणि 'कवि' सारखेच. कानानं गणिताचं समीकरण धरून ठेवता येत नाही, स्वतःचं लिहिलेलं तपासता येत नाही. ऐकणारा साक्षर असतोच असं नाही, वाचणारा असतो. टॅबलेट हवाच, पण ब्रेलच्या जागी नको, ब्रेलच्या शेजारी हवा. आता हे वाक्य मी तरी सभेत कसं बोललो असतो? मला सुचलंच नसतं. सरांना सुचलं कारण त्यांची बोटं त्या ठिपक्यांवर वाढली आहेत.

जाता जाता आमच्या धंद्यातलंही सांगतो. सरांचा अँड्रॉइड फोन ज्यामुळे बोलतो त्या टॉकबॅकच्या सुरुवातीला, २००९ च्या सुमारास, गूगलमध्ये टी. व्ही. रामन होते. पुण्यात वाढलेले, चौदाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेलेले, आयआयटी मुंबई करून कॉर्नेलला पीएचडी केलेले. विंडोजवर चालणारा 'एनव्हीडीए' हा फुकट स्क्रीन रीडर २००६ मध्ये सुरू केला तो मायकेल करननं, आणि पुढे जोडीला आला जेम्स टेह. दोघेही ऑस्ट्रेलियातले, दोघेही अंध. युजरनं स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर कसं असतं हे बघायचं असेल तर तो एकदा चालवून बघा. मॉनिटर बंद करून. मी केलं, आणि पाच मिनिटांत आमच्याच प्रॉडक्टचं लॉगिन बटण मला सापडेना. सोमवारी टीममध्ये सांगितलं तर उत्तर मिळालं, "अशी रिक्वायरमेंट आली नव्हती." कशी येणार? ज्यानं मागायची तो मीटिंगमध्येच नव्हता.

तर चेंज रिपोर्टचं पुढे काय झालं? तो गेला. सात नावांचाच गेला, कारण सभेचा ठराव सात नावांचा होता आणि मी काही त्यात आठवं घुसडू शकत नव्हतो. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आमच्या चेंज रिक्वेस्टपेक्षा हा कागद किती वेगळा आहे. ही रिक्वेस्ट नव्हे, रिपोर्ट. बदल होऊन गेल्यावर कळवायचा. परिणाम कुणावर होणार आणि त्यांना विचारलं का, हे रकाने त्यात नाहीत.

पण सर मला पूर्ण विसरलो होतो इतके वस्ताद निघाले. मी निघायच्या आधी त्यांनी पाटी आणि टोचा मागवला, जाड कागद अडकवला आणि उजवीकडून डावीकडे भराभर टोचत अर्ज लिहिला. (ब्रेल पाटीवर उलटं लिहायचं असतं, कागद पालटला की सुलटं वाचता येतं.) मग तो अध्यक्षांच्या हातात दिला. दादांनी कागद पुढून बघितला, मागून बघितला.

"सर, ह्यात काय लिहिलंय?"

"नोटीस आहे. तुमच्यासारखीच. वाचता येत नसेल तर विचारा की कुणाला तरी."

दोन क्षण कुणी बोललं नाही. मग दादाच हसले, कान धरल्यासारखं केलं, आणि सातवीतल्या एका मुलीला बोलावलं. तिनं टेबलाला टेकून, बोट फिरवत, खणखणीत आवाजात वाचलं. दोन मागण्या होत्या. चौथ्या विषयावर पुन्हा चर्चा व्हावी आणि तोपर्यंत तासिका कमी करू नयेत. आणि पुढच्या सभेची नोटीस ब्रेलमध्येही काढावी, म्हणजे ज्यांच्याबद्दल सभा आहे त्यांना ती वाचता येईल.

परवा सरांना फोन केला होता. तासिका अजून कमी झालेल्या नाहीत, विषय पुढच्या सभेत घेणार म्हणतात. संस्थेच्या घटनेत स्वीकृत सभासद घ्यायची सोय आहे, तेही दादांनीच शोधून काढलंय. नावं मात्र अजून सातच आहेत.

"मग सर, आठवं नाव तुमचं का?"

"माझं कशाला? माझं आता वय झालं. ती वाचणारी पोरगी बघितलीस ना? ती अठरा वर्षांची होईपर्यंत खुर्ची सांभाळायला कुणीतरी पाहिजे, म्हणून बसेन म्हणतो."